चावी घ्या, अण्णा

आमच्या गावात कुणी गेलं की ‘वारला’ असं एकदम म्हणत नाहीत. ‘चावी घेतली’ म्हणतात. सकाळी हॉटेलात कुणी बोललं की ‘अमक्याच्या घरी चावी घेतली म्हणं’, तर चहा पिणारे बशी खाली ठेवतात आणि ‘कवा?’ एवढंच विचारतात. बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळत नाही. ती चावी माझी होती, त्यामुळं हे सांगायचा हक्क माझा.

या अंकाच्या संपादकांनी यंदा ‘उद्याच्या घरातल्या वस्तू’ असा विषय ठेवलाय. बोलणारा फ्रीज, आपला आपण फिरणारा झाडू, हात न लावता सुटणारा नळ, यांवर लिहिणारी शिकलेली मंडळी त्यांना भरपूर मिळतील. मला कशाला विचारलं, ते त्यांनाच ठाऊक. मी नळाला पाणी सोडणारा माणूस. पंचायतीच्या कागदावर ‘वॉटरमन’, गावाच्या तोंडी ‘चावीअण्णा’. उद्याचं मला काही कळत नाही. माझ्याकडं सांगण्यासारखी एकच वस्तू आहे, आणि ती उद्याची वाट न बघता गेलीसुद्धा.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून त्याच टाकीचं पाणी पितात आणि माझ्याशी बोलतात. सीमाभागातल्या कमलनगरहून जीपमध्ये बसलात की नीट टेकायला जागा मिळेपर्यंत गाव येतं, एवढं जवळ. मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत इथं भांडता येतं. नळावर तर तिन्हींत एकदम भांडतात.

ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी येतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गावाला एक उंच टाकी. तिच्यातून मोठा पाइप निघतो आणि त्याला गल्लीगल्लीत फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर जमिनीत एक खड्डा, त्यावर झाकण, आत व्हॉल्व्ह. टाकी सगळ्या गावाला एकदम पुरत नाही, म्हणून पाळी लावायची. आज ही गल्ली, उद्या ती. व्हॉल्व्ह उघडायला लागते ती चावी म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. खोबण व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. यात अक्कल एवढीच की घाई करायची नाही. पाइपात हवा असते. भसकन उघडलं तर ती हवा कुठं तरी पाइप फोडते. हळूहळू सोडलं की आधी नळ फुरफुरतो, मग खोकतो, मग बोटाएवढी धार येते. तो फुरफुर आवाज आला की गल्लीतल्या बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळायच्या.

आमचं घर बौद्ध. माझी आई गावातल्या आडावर घागर घेऊन उभी राहायची. आडाला हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर ती बाई वरून, लांबून घागरीत पाणी ओतायची, निम्मं आईच्या अंगावर जायचं. तो आड लिंगायत गल्लीतल्या गुरप्पांचा. पुढं त्याच आडाशेजारी माझा मोठा व्हॉल्व्ह आला. नोकरी लागली त्या दिवशी आई म्हणाली, “आता समदं गाव तुझ्या चावीकडं बघंल. तू मातर कुणाला वरून ओतू नकोस.” एवढ्या एका वाक्यावर मी नोकरी काढली. माझ्या स्वतःच्या गल्लीलाही कधी पाळी सोडून पाणी दिलं नाही. आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, याबद्दल मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

पाळी मोडायची ती एकाच कारणासाठी. मयतीसाठी. आंघोळ घातल्याशिवाय मयत उचलत नाहीत. आमच्यात तसं, लिंगायतांत तसं, मुसलमानांत तर आधी गुसल. घरात पाणी असलं तरी ते प्यायला, आल्यागेल्याला. शेवटची आंघोळ नळाच्या ताज्या पाण्यानं घालायची असं कुणी ठरवलं, मला माहीत नाही. माझ्या आधी जे वॉटरमन होते त्यांच्यापासून चालत आलेलं. घरातला कुणी तरी पुरुष आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा. कोण गेलं ते सांगायचा नाही. “चावी घ्या, अण्णा,” एवढंच. मुसलमान गल्लीतला असला तर “चाबी लेव, अण्णा.” मी जेवत असलो तरी हात धुऊन उठायचो. सुमन त्या माणसाला तांब्याभर पाणी द्यायची. तीही विचारायची नाही. तो पाणी प्यायचा, कधी पिता पिता रडायचा, आणि मग आम्ही दोघं चालत त्याच्या गल्लीच्या व्हॉल्व्हपर्यंत जायचो. वाटेतल्या लोकांना मी पाळी नसताना चावी घेऊन चाललेला दिसायचो आणि गावाला कळायचं. माणसं कामं टाकून मागोमाग यायची.

मराठीत पाणी सोडतात, कन्नडात ‘नीर बिडतात’, दखनीत ‘पानी छोडते’. तिन्हीकडं सोडणंच. पण कशावर पाणी सोडलं म्हणजे त्याची आशा सोडली, हा अर्थ आपल्या मराठीतला. मयतीच्या घरासमोर चावी फिरवताना मला तो नेहमी आठवायचा.

या शब्दानं एकदा मोठा घोळ केला. गुरप्पांच्या घरासमोरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. त्यांची सून शरणक्का जिभेनं तिखट. दारातला व्हॉल्व्ह पुढच्या गल्ल्यांचा, तिचं घर मात्र आपल्या फाट्याच्या अगदी शेवटाला, पाणी पोचेपर्यंत धार करंगळीएवढी व्हायची, त्यामुळं माझ्या नावानं रोज शंख. तिनं बसस्टँडवर निरोप ठेवला, “अण्णाला म्हणावं, चावी घिऊन या आमच्या घरापुढं.” तिथं मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला जाणारा एक जण बसला होता. त्यानं अर्धंच ऐकलं. गुरप्पांची लेक मन्नाएखेळ्ळीला दिलेली. यानं तिच्या दारात जाऊन सांगितलं, “तुमच्या माहेरी चावी घेतली.” घरात म्हातारं माणूस एकच.

दुपारी दोन जीपा भरून पाहुणे आले. लेक कोसापासून गळा काढत आली. मी गुडघाभर चिखलात व्हॉल्व्ह बांधत होतो आणि गुरप्पा कट्ट्यावर बसून भाकरीबरोबर कांदा खात होते. जीप थांबली, रडणं थांबलं. जावयाच्या हातात हार. गुरप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, “आलाच हाव तर जेवून जावा. हार तेवढा हितंच ठिवा, कामाला यील.”

गाव कितीतरी दिवस हसलं. गुरप्पा मला दिसले की विचारायचे, “काय चावीअण्णा, आज मारायलास का जगू दिऊलास?” शरणक्का मात्र हसली नाही. “तुझ्या चावीला गंज लागो,” म्हणाली. पुढं बऱ्याच काळानं गुरप्पा खरंच गेले. शरणक्काचा नवरा अंगणात येऊन उभा राहिला, मी चावी घेतली. लेकीला फोन गेला तर ती म्हणाली, “आता काय, पुन्हा व्हॉल्व्ह गळायलाय का?” समजूत पटून ती पोचेपर्यंत माती झाली होती. ती आडाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिली.

मग नवी योजना आली. बाहेरची कंपनी आणि तिच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर बाई, कलबुर्गीच्या सौम्या मॅडम. त्या कन्नडात बोलायच्या, मी मराठीत उत्तर द्यायचो. आमच्याकडं असंच चालतं आणि कुणाचं अडत नाही. मॅडम हुशार होत्या आणि उन्हात पायी फिरायच्या. प्रत्येक खड्डा मीच त्यांना दाखवला. पाइप कुठं गळतो हे त्या यंत्र लावून ऐकायच्या. शाळेमागं गळती आहे म्हणाल्या तेव्हा मी हसलो होतो. खणलं तर निघाली. तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

पंचायतीच्या हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. प्रत्येक व्हॉल्व्हवर मोटार बसणार, ती आपोआप उघडणार आणि मिटणार. प्रत्येक नळाला मीटर, ते आपणहून ऑफिसला आकडे कळवणार. आणखी काही वर्षांनी पाणी दिवसभर. पाळी नाही, साठवण नाही. तोटीसुद्धा जाईल, हात पुढं केला की धार येईल. “घागर, रांजण, हंडा हे सगळं मग शोभेला ठेवायचं,” मॅडम म्हणाल्या आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या कमरा घागरी वाहून गेलेल्या, त्यांनी का वाजवू नयेत?

मी उठून विचारलं, “मॅडम, मयत झाली तर?”

मॅडमना चावीचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितला. त्यांनी चेष्टा केली नाही, टाळलंही नाही. म्हणाल्या, वर कळवते. काही दिवसांनी त्यांनीच येऊन सांगितलं की मोबाइलवर विनंती करायची सोय झाली आहे. पाळी नसताना पाणी हवं असेल तर कारण निवडायचं. लग्न, धार्मिक कार्यक्रम, इतर.

“आन् मयत?” मी विचारलं.

मॅडम खाली बघून म्हणाल्या, “मी तो शब्द घातला होता, अण्णा. वरच्या लोकांना अशुभ वाटला. त्यांनी काढला. तुम्ही ‘इतर’ निवडा.”

मशीन चांगलं निघालं, हे कबूल केलं पाहिजे. गल्लीच्या शेवटाला धार तेवढीच, सुरुवातीला तेवढीच. शरणक्काच्या नळाला आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याएवढी धार आली. मी वाटेत भेटलो तर म्हणाली, “तुझ्यापरीस मशीन बरं हाय, अण्णा. तोंड बघून पाणी सोडत न्हाई.” मी कधीच तोंड बघून सोडलं नव्हतं. पण ती शेवटाला राहायची आणि तिला इतकी वर्षं तसंच वाटत होतं. मला ते फार लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झालो. शाल मिळाली. चावी भंगारात जाणार होती, ती मी मागून घेतली.

ती घरी दाराआड उभी राहिली. सुमन सवयीनं तिला तेलाचं बोट लावायची. “आता कशाला लावायलीस?” म्हटलं तर म्हणायची, “माझ्यासाठी लागंल.” हे तिचं जुनंच होतं. कुणाच्या मयतीला पाणी सोडून मी घरी आलो की ती दारातच आंघोळीचं पाणी द्यायची आणि म्हणायची, “समद्या गावाला शेवटचं पाणी देताव, माझ्या टायमाला इसरू नका.” मी म्हणायचो, “तुझ्यासाठी अख्खी टाकी रिकामी करतो, मग गाव मला मारू दे.” ती हसायची. आमच्या संसारात मी तिला दिलेली वचनं मोजकीच. हे एक होतं, आणि यासाठी फक्त हात हलवायचे होते.

मशीन आल्यावर गावात लोकांनी साठवण कमी केली. सुट्टीला आलेल्या आमच्या सुनेनं अंगणातल्या रांजणात माती भरून तुळस... नाही, आमच्याकडं तुळस नव्हे, मोगरा लावला. पाणी ठरल्या वेळेला येतंय तर रांजण कशाला? तिचं बरोबरच होतं. सुमन मात्र मोगऱ्याला पाणी घालताना म्हणाली, “रांजणाला पाणी पाजायचे दिस आले.”

ती गेली ती उन्हाळ्यात, दम्यानं. आजारपण थोडं लांबलं, मुलगा आणि सून हैदराबादहून येऊन राहिले होते. सकाळी ऊन अंगणात उतरलं तेव्हा तिनं मान टाकली. आमच्या गल्लीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. घरात पिण्याचं पाणी आणि बादलीच्या तळाशी थोडं. मुलानं फोन काढला, रडत रडत त्यात बोटं फिरवली. “बाबा, ‘इतर’ टाकलंय,” म्हणाला. थोड्या वेळानं उत्तर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. सून उठून नळ उघडून आली. नळ कोरडा. ती तो तसाच उघडा ठेवून आत आली.

मी उठलो आणि दाराआडची चावी घेतली. मुलगा म्हणाला, “कुठं चाललाव, बाबा?” व्हॉल्व्हच्या डोक्यावर आता मोटारीचा डबा बसलाय, चावीची खोबण बसायला जागाच नाही, हे मला ठाऊक होतं. मीच तर मॅडमना तो खड्डा दाखवला होता. तरी पाय गेले. आमच्या गल्लीचं पाणीही जिथून सुटतं त्या आडाशेजारच्या मोठ्या व्हॉल्व्हपाशी जाऊन मी उभा राहिलो. झाकणाला कुलूप होतं. आतून मोटारीचा बारीक आवाज येत होता, दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीला पाणी चाललं होतं. चावी झाकणावर टेकवून मी तसाच उभा. गावासाठी इतक्या वेळा जे केलं ते तिच्यासाठी करता येत नव्हतं. स्वतःच्या हातांची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शरणक्का कट्ट्यावर बसली होती. आता पार वाकलीय, नजरही कमी झालीय. पण तिला चावी दिसली. चावी दिसायची बंद झाल्यावरही तिचा अर्थ तिला पाठ होता.

“कुणाच्या घरी, अण्णा?” तिनं विचारलं.

मी माझ्याच घराकडं हात केला.

ती उठली. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेवर भरलेली कळशी होती. नातसून मागं धावली, “आज्जी, द्या हिकडं.” तिनं दिली नाही. त्या घरात अजून रोज पाणी भरून ठेवतात. मशीनवर तिचा भरवसा आहे, पण शेवटाला राहिलेल्या बाईची सवय मोडली नव्हती. माझ्यापुढं ती हळूहळू चालत निघाली. गल्लीतल्या बायकांनी मला बघितलं, चावी बघितली, आणि कुणी घागर, कुणी हंडा, कुणी प्लास्टिकची बादली घेऊन निघाल्या. काहींच्यात निम्मंच होतं.

शरणक्का आमच्या उंबऱ्यावर थांबली नाही. आत आली. कळशी सुमनच्या उशाला ठेवली, पदर खोचला आणि बायकांना म्हणाली, “पाठीखाली हात घाला गं, जपून.” मग अंगणातल्या फरशीवर नेऊन तिनं सुमनच्या कपाळावरून पाणी घातलं, ओंजळीनं, अगदी जवळून. ज्या घरातल्या बायकांनी माझ्या आईच्या घागरीत लांबून, वरून ओतलं, त्याच घरची ही. मी दाराला धरून उभा होतो. तोवर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. आई हे बघायला पाहिजे होती असं वाटलं, आणि सुमननं ते बघायला जिवंत असायला पाहिजे होतं असंही.

शेवटची आंघोळ झाली. नळाच्या पाण्यानं नाही, माझ्या हातानं सोडलेल्या पाण्यानं नाही. गावात कुणाच्या तरी घरी कळशी भरलेली होती म्हणून झाली. स्मशानातून परतताना माझ्या मनात तेच घोळत होतं. उद्या दिवसभर पाणी येईल तेव्हा शरणक्काच्या नातसुनेच्या घरात भरलेली कळशी कशाला असेल? आणि ज्या दिवशी ते मशीन नेमकं बंद पडेल, त्या दिवशी गल्लीतून काय येईल? चावी बघून अर्थ कळणारी माणसंही एकेक करून चाललीत. माझ्या नातवानं परवा विचारलं, “आजोबा, ही रॉड कशाची?” मी सांगितलं, पाण्याची. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

आम्ही घरी आलो तर अंगणात पाण्याचा आवाज. सकाळी सुनेनं उघडून ठेवलेला नळ भरभरून वाहत होता. मुलाच्या फोनवर निरोप आला होता. त्यानं तो मोठ्यानं वाचला, “आपल्या विनंतीनुसार आपल्या भागात पाणी सोडण्यात आले आहे.” फरशीवरून, जिथं सुमनला आंघोळ घातली त्या जागेवरून, पाणी मोगऱ्याकडं आणि तिथून बाहेर गटारीकडं चाललं होतं.

उघडा नळ दिसला की परक्याच्या घरात शिरून बंद करणारा मी माणूस. त्यावरून मी गावात किती भांडणं काढली असतील. सून लगबगीनं पुढं झाली, तोटीला हात लावला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “मामा, बंद करू का?”

“राहू दे,” मी म्हणालो. “तिच्यासाठी सोडल्यालं हाय.”